खांबाला लागलेला चेंडू

निकाल हा शब्द आपण ज्या धाकाने उच्चारतो, तो धाक दुसऱ्या फार थोड्या शब्दांच्या वाट्याला आला असेल. बोर्डाचा निकाल लागतो त्या दिवशी दहा वर्षांच्या अभ्यासाचे एका टक्केवारीत रूपांतर होते, आणि पुढे ती टक्केवारीच त्या मुलाची ओळख होऊन बसते. एका गुणाने प्रवेश मिळालेला आणि एका गुणाने हुकलेला, या दोघांच्या बुद्धीत वा कष्टांत काही फरक असतो, असे कोणताही अनुभवी परीक्षक शपथेवर सांगू शकणार नाही. तरीही सारा व्यवहार चालतो तो त्या एका गुणावर. या व्यवहाराचा सर्वांत बोलका दाखला प्रस्तुत लेखकाला शाळा-कचेरीत न आढळता एका डच फुटबॉलपटूच्या कारकिर्दीत आढळला. त्याचे नाव रॉब रेन्सेनब्रिंक. डाव्या बगलेवर खेळणारा हा विंगर १९७० च्या दशकात युरोपातील दोन-तीन सर्वोत्तम आघाडीपटूंमध्ये गणला जात असे. आज तो स्मरणात आहे तो मुख्यतः एका न झालेल्या गोलसाठी.

२५ जून १९७८ रोजी ब्यूनस आयर्सच्या मॉन्युमेंटल स्टेडियमवर विश्वचषकाचा अंतिम सामना यजमान अर्जेंटिना आणि नेदरलँड्स यांच्यात चालू होता. मारिओ केम्पेसने ३८व्या मिनिटाला अर्जेंटिनाला आघाडी मिळवून दिली होती. ८२व्या मिनिटाला डिक नानिंगा या बदली खेळाडूने डोक्याने गोल करून बरोबरी साधली. सामना नव्वदाव्या मिनिटाला आला असता कर्णधार रूड क्रोलने आपल्याच अर्ध्या भागातून एक लांब फ्री किक मारली. चेंडू बचावफळीच्या डोक्यावरून मागे पडला. डावीकडून धावत आलेल्या रेन्सेनब्रिंकने, गोलरक्षक फिल्योल अंगावर येत असताना, अत्यंत अरुंद कोनातून पाय लांबवून तो गोलकडे ढकलला. चेंडूने फिल्योलला चुकविले आणि तो जवळच्या खांबावर आदळून मैदानात परत आला. पुढे जादा वेळात केम्पेस आणि बेर्तोनी यांनी एकेक गोल केला व अर्जेंटिना ३-१ असा विजयी झाला.

तो चेंडू दोन बोटे आत गेला असता तर? हिशेब फारसा कठीण नाही. नेदरलँड्स २-१ अशा फरकाने विश्वविजेता ठरला असता. १९७४, १९७८ आणि २०१० अशा तीन अंतिम सामन्यांत हरलेल्या या देशाच्या नावावर अद्याप एकही विश्वचषक नाही. तो एक तरी असता. केम्पेसचे त्या स्पर्धेतील सहा गोल पाचच राहिले असते आणि रेन्सेनब्रिंकचे पाच गोल सहा झाले असते; म्हणजे स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मानही त्यालाच मिळाला असता. योहान क्रायफ या संघात नव्हता. त्याच्यावाचून जिंकलेल्या चषकामुळे डच फुटबॉलच्या इतिहासाचे पहिले पान कदाचित वेगळ्या नावाने सुरू झाले असते. एवढा सारा इतिहास त्या खांबाच्या जाडीवर तोलला गेला. पण या ‘तर’च्या मागे जाण्यापूर्वी जे प्रत्यक्ष घडले त्याकडे पाहणे आवश्यक आहे, कारण खरा अन्याय तेथेच झाला आहे.

रेन्सेनब्रिंकचा जन्म ३ जुलै १९४७ रोजी ॲमस्टरडॅम येथे झाला. ॲमस्टरडॅम म्हटले की आज कोणालाही आयाक्स हाच क्लब आठवतो. परंतु हा तरुण त्याच शहरातील डी. डब्ल्यू. एस. या दुसऱ्या क्लबातून पुढे आला. हा क्लब अगदीच किरकोळ नव्हता. वरच्या श्रेणीत येताच पहिल्याच हंगामात, १९६४ साली, त्याने डच लीग जिंकून दाखविली होती. मात्र आयाक्सचा दबदबा वाढू लागला तशी शहरातील इतर क्लबांची रया गेली. आयाक्सच्या डाव्या बगलेवर पीट कायझर हा असामान्य खेळाडू ठाण मांडून होता. १९६९ साली रेन्सेनब्रिंक सीमा ओलांडून बेल्जियममध्ये क्लब ब्रूजकडे गेला आणि दोन वर्षांनी ब्रुसेल्सच्या अँडरलेख्त क्लबात दाखल झाला. पुढील नऊ वर्षे तो तेथेच होता. परिणामी, ज्या वर्षांत क्रायफ, कायझर, नेस्केन्स हे आयाक्सच्या अंगरख्यात सलग तीन वेळा युरोपियन कप जिंकून घरोघरी पोहोचत होते, त्या वर्षांत आपला एक थोर खेळाडू शेजारच्या देशात काय करीत आहे, याची डच प्रेक्षकाला केवळ ऐकीव माहिती होती.

तो काय करीत होता? अँडरलेख्तसाठी २६२ लीग सामन्यांत त्याने १४३ गोल केले. बगलेवरच्या खेळाडूच्या दृष्टीने हा आकडा थक्क करणारा आहे. कारण विंगरचे परंपरागत काम गोल करण्याचे नसून कडेने चेंडू नेऊन दुसऱ्याला गोल करता येईल असा तो आत पाठविण्याचे असते. त्याच्या काळात अँडरलेख्तने दोनदा लीग आणि चारदा बेल्जियन कप जिंकला. मात्र त्याची खरी मर्दुमकी दिसली ती कप विनर्स कप या युरोपीय स्पर्धेत. मे १९७६ मध्ये ब्रुसेल्समध्येच झालेल्या अंतिम सामन्यात अँडरलेख्तने इंग्लंडच्या वेस्ट हॅमला ४-२ असे हरविले. दोन गोल रेन्सेनब्रिंकचे. १९७७ चा अंतिम सामना त्याच्या जन्मगावी, ॲमस्टरडॅमला झाला, आणि तेथे मात्र हॅम्बुर्गने त्यांना २-० असे नमविले. १९७८ साली पॅरिसमध्ये ऑस्ट्रिया व्हिएन्नाविरुद्ध ४-० असा विजय मिळाला. पुन्हा दोन गोल रेन्सेनब्रिंकचे. सलग तीन वर्षे अंतिम फेरी, दोन चषक आणि जिंकलेल्या दोन अंतिम सामन्यांत चार गोल! या स्पर्धेत त्याने एकूण २५ गोल केले व तो तिच्या इतिहासातील सर्वोच्च आकडा ठरला. ती स्पर्धा १९९९ साली बंदच झाल्यामुळे हा विक्रम आता कोणी मोडूही शकत नाही. १९७६ साली युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिल्या जाणाऱ्या बॅलन द’ओर या पुरस्काराच्या मतदानात तो बेकेनबाउअरच्या पाठोपाठ दुसरा आला. १९७८ साली तिसरा.

त्याच्या खेळाची जात कशी होती, हे जुन्या चित्रफितींवरून आजही पाहता येते. चण सडपातळ. चेंडू डाव्या पायाला जणू दोऱ्याने बांधलेला. बचावपटू अंगावर आला की हा थांबे, खांदा एकीकडे टाकी, कंबर दुसरीकडे वळवी आणि दोन माणसांमधल्या फटीतून अशा रीतीने निसटे की धक्काबुक्कीचा प्रश्नच येऊ नये. शरीर हवे तसे वाकविणाऱ्या कसरतपटूला डच भाषेत जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘सर्पमानव’. हेच त्याचे टोपणनाव पडले. स्वभावाने तो अबोल. क्रायफसारखे मैदानात हातवारे करून नऊ जणांना जागा दाखविणे त्याच्याने होणारे नव्हते, आणि त्याची त्याला खंत असावी असेही दिसत नाही.

राष्ट्रीय संघात मात्र त्याच्या वाट्याला आली ती मैदानाच्या डाव्या कडेची अरुंद पट्टी. अँडरलेख्तमध्ये तो मनाला येईल तेथे फिरे. १९७४ च्या डच संघात ते स्वातंत्र्य क्रायफचे होते. ‘टोटल फुटबॉल’ या नावाने गाजलेल्या पद्धतीत प्रत्येकाने प्रत्येकाची जागा घ्यावयाची असे आपण वाचतो. परंतु एखाद्याने सर्वत्र फिरावयाचे तर दुसऱ्या कोणी तरी कडेला उभे राहून मैदान रुंद ठेवावे लागते, हा त्या पद्धतीचा कमी सांगितला जाणारा भाग. हे काम रेन्सेनब्रिंकने तक्रार बाजूला ठेवून केले. कायझरला मागे सारून त्याने संघात जागा मिळविली, पूर्व जर्मनीविरुद्ध गोल केला, ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात दुखापत करून घेतली आणि म्युनिकच्या अंतिम सामन्यात पूर्ण बरा नसताना उतरून मध्यंतरालाच बाहेर आला. तो सामना पश्चिम जर्मनीने २-१ असा जिंकला.

येथे अर्थशास्त्राच्या शिक्षकाला एक गोष्ट नोंदविल्यावाचून राहवत नाही. जगातील पहिल्या दोन-तीन खेळाडूंपैकी एक खेळाडू बेल्जियमसारख्या लहान देशातील क्लबात नऊ वर्षे राहिला, हे आज अशक्यप्राय वाटते. त्या काळी करार संपला तरी खेळाडूवरील क्लबचा हक्क संपत नसे. नव्या क्लबाने जुन्या क्लबाला मोबदला दिल्याशिवाय त्याला जाता येत नसे. परदेशी खेळाडू किती घ्यावयाचे यावरही बंधने होती. एक प्रकारची वेठबिगारीच ती, फक्त बऱ्या पगाराची. १५ डिसेंबर १९९५ रोजी जाँ-मार्क बॉस्मन या बेल्जियन खेळाडूच्याच दाव्यात लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने ही व्यवस्था मोडून काढली. खेळाडू मोकळा झाला, ही न्याय्यच गोष्ट झाली. पण श्रमाचा बाजार खुला झाला की गुणवत्ता पैशाकडे वाहू लागते, या जुन्या नियमानुसार उत्तम खेळाडू चार-पाच श्रीमंत लीगांत एकवटले, आणि लहान देशांतील क्लब नर्सरीतल्या रोपांसारखी मुले वाढवून विकू लागले. १९८८ साली मेखेलेन या बेल्जियन क्लबाने कप विनर्स कप जिंकला. त्यानंतर त्या देशातील एकाही क्लबाला मोठा युरोपीय चषक मिळालेला नाही. रेन्सेनब्रिंक आज खेळत असता तर त्याने पुष्कळ अधिक पैसा मिळविला असता यात शंका नाही. ब्रुसेल्सच्या प्रेक्षकाला मात्र तो दोन हंगामांपलीकडे दिसला नसता.

१९७८ च्या विश्वचषकाला क्रायफ गेला नाही. बार्सिलोनातील घरी त्याच्यावर व कुटुंबीयांवर बंदूक रोखून अपहरणाचा प्रयत्न झाला होता आणि त्यामुळे घर सोडून जाण्याची आपली मनःस्थिती नव्हती, हे त्याने पुढे २००८ साली सांगितले. संघाचा भार साहजिकच इतरांवर आला. इराणविरुद्ध रेन्सेनब्रिंकने तिन्ही गोल केले. स्कॉटलंडविरुद्ध त्याने केलेला गोल हा विश्वचषकाच्या इतिहासातील एक हजारावा गोल ठरला. ऑस्ट्रियाविरुद्ध आणखी एक. या पाच गोलांपैकी चार पेनल्टीवरचे होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मोठेपणा सिद्ध करावयाचा म्हणून आकडे झाकण्याचे कारण नाही. पेनल्टी घेताना मात्र त्याचे मन कमालीचे थंड असे, ही त्याची ख्याती होती.

आणि मग तो नव्वदावा मिनिट. नंतरच्या आयुष्यात त्याला भेटणारा प्रत्येक जण त्याबद्दल विचारी, आणि त्याचे उत्तर साधारण एकच असे: ती खरे तर संधीच नव्हती, चेंडू खांबापर्यंत पोहोचला हेच पुष्कळ. बचाव म्हणून हे कोणाला लंगडे वाटेल. संभाव्यतेच्या भाषेत मात्र ते अगदी नेमके आहे. त्या कोनातून, धावत असताना, गोलरक्षक वाट अडवून उभा असता मारलेले बहुसंख्य फटके गोल होत नाहीत. ते बाहेर जातात, गोलरक्षकाच्या अंगावर आदळतात, आणि कोणी त्यांची आठवण ठेवीत नाही. हाच फटका हातभर बाहेर गेला असता तर रेन्सेनब्रिंकला कोणी काही विचारले नसते. तो जवळजवळ साधला, म्हणूनच अपयश म्हणून नोंदला गेला! निर्णय घेताना हाती असलेल्या माहितीवरून निर्णयाची पारख करावी, नंतर लागलेल्या निकालावरून करू नये, असे आम्ही वर्गात शिकवितो. विद्यार्थी ते लिहून घेतात, परीक्षेत उतरवितात, आणि वर्गाबाहेर पडल्यावर आम्ही सारेच ते विसरतो.

परंतु या कथेत खांबाला आणखी एक अर्थ आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक आहे. २४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली होती. जनरल विडेलाच्या राजवटीत माणसे रात्री घरांतून उचलली जात आणि पुन्हा कोणाला दिसत नसत. राजवट कोसळल्यावर नेमलेल्या आयोगाने १९८४ साली अशा ‘बेपत्ता’ व्यक्तींची ८,९६० प्रकरणे नोंदविली. मानवी हक्कांच्या संघटना हा आकडा ३०,००० पर्यंत नेतात. अंतिम सामन्याच्या स्टेडियमपासून किलोमीटरभराच्या आसपास नौदलाची यंत्रशिक्षणाची शाळा होती. शाळाच म्हणावयाची! तेथे सुमारे ५,००० माणसे डांबली गेली आणि त्यांतील बहुतेक परतली नाहीत. जी थोडी वाचली त्यांनी पुढे सांगितले की गोल झाल्यावर स्टेडियममधला जल्लोष कोठडीत ऐकू येई. त्या वर्षी नेदरलँड्समध्ये फ्रेक द योंग आणि ब्राम फर्म्युलन या दोन रंगमंचीय कलावंतांनी डच संघाने या स्पर्धेला जाऊ नये म्हणून मोहीम उघडली. त्या मोहिमेला त्यांनी दिलेले नाव होते ‘गोलखांबावर रक्त’.

संघ गेला. स्पर्धा झाली. चेंडू खांबाला लागला. खांब जगाच्या लक्षात राहिला. रक्त राहिले नाही.

या स्पर्धेचा जमाखर्चही पाहण्यासारखा आहे. तयारीसाठी नेमलेल्या समितीचा प्रमुख जनरल आक्तिस याची ऑगस्ट १९७६ मध्येच हत्या झाली. त्यानंतर खर्चाला धरबंध राहिला नाही. एकूण खर्च पन्नास कोटी डॉलरच्या वर गेला. महागाई वर्षाला शंभर टक्क्यांहून अधिक वेगाने वाढणाऱ्या देशाने हा खर्च केला, हे लक्षात ठेवावे. खुद्द सरकारातील वित्त सचिव हुआन अलेमान याने या उधळपट्टीवर जाहीर टीका केली होती. २१ जून रोजी अर्जेंटिनाला अंतिम फेरी गाठण्यासाठी पेरूवर किमान चार गोलांनी विजय हवा होता. अर्जेंटिनाने सहा केले. चौथा गोल झाला त्याच सुमारास अलेमानच्या घरी बॉम्बस्फोट झाला. योगायोगावर विश्वास ठेवण्यालाही काही मर्यादा असते.

तेव्हा तो चेंडू आत गेला असता तर ही राजवट खचली असती काय? असे मानणारे लोक आहेत. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. राजवटीला त्या रात्री एक छायाचित्र मिळाले: विडेलाच्या हातून कर्णधार पासारेला चषक घेतो आहे. त्या छायाचित्राने ती तगली नाही. १९७५ साली ८ अब्ज डॉलरच्या घरात असलेले विदेशी कर्ज १९८३ पर्यंत ४५ अब्जांवर गेले, १९८२ साली फॉकलंड बेटांचे युद्ध हरले, आणि १९८३ साली निवडणुका घेणे भाग पडले. चषकाने महागाई थांबत नाही. उलट चेंडू आत गेला असता तर त्या रात्री त्या शहरात काय झाले असते, याची कल्पना करणेही सुखद नाही. जिंकलो असतो तर स्टेडियममधून सुखरूप बाहेर पडलो असतो की नाही, अशी शंका डच संघातही पुढे बोलून दाखविली गेली.

मग खेळाडूंनी जावयास नको होते का? या प्रश्नाचे उत्तर सोपे करून देणाऱ्यांपासून दूर राहावे. तिशी ओलांडलेल्या व्यावसायिक विंगरला आयुष्यात तिसरा विश्वचषक मिळत नसतो, आणि ज्या सरकारांनी विडेलाशी व्यापार व राजनैतिक संबंध चालू ठेवले, त्यांनी नैतिकतेचा सारा बोजा अकरा खेळाडूंच्या खांद्यावर टाकावा हे न्यायाचे नाही. त्याच वेळी, त्या दोन कलावंतांनी विचारलेला प्रश्न अप्रस्तुत होता असेही म्हणता येत नाही. तो त्यानंतरच्या अनेक स्पर्धांच्या वेळी पुन्हा विचारला गेला आहे, आणि दर वेळी पहिला गोल होताच मागे पडला आहे.

१९७९ साली रेन्सेनब्रिंक राष्ट्रीय संघातून बाहेर पडला. ४६ सामने, १४ गोल. १९८० मध्ये तो अमेरिकेत पोर्टलंडच्या क्लबाकडून खेळला, नंतर थोडे दिवस फ्रान्समध्ये तूलूजकडून, आणि १९८२ साली त्याने बूट उतरविले. बडा प्रशिक्षक वा दूरदर्शनवरील भाष्यकार होण्याच्या वाटेला तो गेला नाही. ॲमस्टरडॅमजवळच्या ओस्टझान या गावी तो राहत असे. २०१२ साली त्याला स्नायू क्रमाक्रमाने झिजत जाण्याचा असाध्य आजार असल्याचे निदान झाले. सर्पासारखे वळणारे ते शरीर हळूहळू हलेनासे झाले. २४ जानेवारी २०२० रोजी, वयाच्या ७२व्या वर्षी, तो वारला. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याच्या निधनाची दखल घेतली आणि बहुतेक ठिकाणी खांब आधी आला. ब्रुसेल्स, पॅरिस आणि ते पंचवीस गोल मागाहून.